नवी बंदूक, पहिला महिना

श्रोतेहो, नमस्कार.

कुडाळजवळच्या आमच्या घरी वडिलांची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वर्षातून चारदा उडाली तर खूप. पण ज्या दिवशी उडेल त्याच संध्याकाळी ती साफ व्हायची, मग पाऊस असो की पाहुणे. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि रातोरात नळी गंजवते. म्हणून बंबातलं कढत पाणी नळीत ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करायची आणि शेवटी खोबरेलाचा हात. आम्हा पोरांना बंदुकीला बोट लावायची बंदी. चिंध्या फाडून देणं हे माझं खातं.

आज मी अमेरिकेत आयोवात राहतो. गेल्या वर्षी उडत्या चकत्यांवर नेम धरण्याच्या छंदापायी बारा बोरची पंपाची बंदूक घेतली. बारा बोर म्हणजे काय, हे गावी कुणी सांगितलं नव्हतं. नळीच्या तोंडाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून बारा. आणि पंप म्हणजे नळीखालची सरकती मूठ. ती मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. रेमिंग्टनची 870 ही या जातीतली सगळ्यांत खपलेली बंदूक. 1950 साली आली, आणि आजवर एक कोटीच्या वर विकली गेली.

मला वाटलं होतं, खोक्यातून काढायची आणि थेट मैदानावर न्यायची. पण नव्या बंदुकीला कारखान्यातून जे तेल लावून येतं ते गोदामात गंजू नये म्हणून असतं, चालवण्यासाठी नव्हे. बिडाचा नवा तवा आणला की त्यावर लगेच भाकरी टाकतो का आपण? आधी घासतो. इथेही तसंच. पहिल्यांदा बंदूक रिकामी आहे का ते बघायचं. नुसतं डोळ्यांनी नाही, बोट घालून. मग माहितीपुस्तिका उघडी ठेवून नळी काढायची आणि आतला तो चिकटा सॉल्व्हंटने पुसून घ्यायचा. माझी पहिली चिंधी काळीकुट्ट निघाली. सहावी कुठे पांढरी आली.

मग तेल. इथे मी वडिलांच्या वळणावर जाऊन भरपूर ओतलं, आणि तीच चूक. जास्तीच्या तेलात धूळ आणि जळकी दारू अडकून लगदा होतो, आणि थंडीत तो घट्ट होतो. खोबरेल तर इथे नोव्हेंबरात बाटलीतच दगड होतं. मुठीला आतल्या भागांशी जोडणाऱ्या दोन्ही पट्ट्यांवर बंदुकीच्या पातळ तेलाचा एकेक थेंब पुरतो. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारी, छर्र्यांचा झोत आवळणारी आटीची कडी, तिच्या आट्यांना मात्र ग्रीस हवं. नाहीतर ती पुढे हलत नाही.

आता खरी गंमत. पहिल्याच शनिवारी, आठव्या बाराला मूठ अडकली ती अडकलीच. रिकामं काडतूस आत चिकटून बसलं. शेजारच्या म्हाताऱ्याने ते काढून दिलं आणि काडतुसाच्या बुडावर लोहचुंबक टेकवलं. टक्कन चिकटलं. स्वस्त काडतुसांचं बूड पितळी दिसतं, पण असतं पोलादी. बार उडाला की बूड फुगतं. पितळ लगेच आकसतं, पोलाद तेवढं आकसत नाही. त्यात चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, आतून खरखरीत असेल तर ते तिथेच धरून बसतं. सुतार पॉलिशला वापरतात ती चार शून्यांची बारीक स्टील वूल ब्रशला गुंडाळून, तेल लावून, मी चेंबर हळूहळू घासलं. नुसतं घासायचं, धातू कोरायचा नाही. नंतर एकही कण आत राहू द्यायचा नाही. पुढच्या शनिवारी त्याच पेटीतली काडतुसं मुकाट बाहेर पडली.

पण सगळा दोष बंदुकीचा नव्हता. पंपाच्या बंदुकीत नवखा माणूस मूठ पूर्ण मागे नेत नाही, अर्ध्यातून पुढे ढकलतो. मग रिकामं बाहेर पडत नाही, नाहीतर नवं वर येत नाही. मी घरी खोटी काडतुसं भरून, भिंतीकडे तोंड करून, रोज पन्नासदा मूठ मागेपुढे केली. खरी काडतुसं तेव्हा त्या खोलीत नाहीत, हा नियम. त्या सरावाने पट्ट्या गुळगुळीत झाल्या आणि माझा हातही. कोण जास्त सुधारलं ते सांगणं कठीण आहे.

मॅगझिनच्या नळीत, म्हणजे जादा काडतुसं भरायच्या खालच्या नळीत, एक लाकडी दांडी निघाली. आधी वाटलं, बांधणीतली काहीतरी कसर. पण ती कायद्यासाठी असते. इथे बदकांसारख्या स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं मावली पाहिजेत, हा 1935 पासूनचा नियम.

पहिली पन्नास काडतुसं झाल्यावर धक्क्याने दस्त्याचा स्क्रू आणि पुढची टोपी सैल होते, ती बघून घ्यायची. आणि मग छर्रे किती दाट बसतात ते बघायला कागद. 40 यार्डांवर मोठा कागद टांगून एक बार टाकायचा, जिथे सर्वांत दाट छर्रे बसलेत तिथे 30 इंचांचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळणाऱ्या, चोकला साधारण साठ टक्के छर्रे आत यावेत. माझ्या काडतुसात 350 च्या आसपास छर्रे, म्हणजे 210 भोकं हवीत.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिल घेऊन मी तीनदा मोजली. तिन्ही वेळा आकडा वेगळा. शेवटी बायकोने वर्तुळाचे चार भाग केले, तांदूळ निवडायला बसतात तसा चष्मा लावला आणि म्हणाली, "एकशे अठ्ठ्याण्णव. आणि तुझा नेम चार इंच डावीकडे जातोय."

दुसरा कागद अजून मोजायचा आहे. तो तिलाच देणार आहे. नमस्कार.