पेपरातली फ्रेंच, तोंडातली फ्रेंच

नमस्कार श्रोतेहो.

अकरावीला फ्रेंच घेणाऱ्या मुलांना कारण विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘मार्क चांगले पडतात.’ पडतातही. पण पंच्याण्णव मार्क मिळवलेल्या मुलीला ‘काल काय केलंस?’ एवढं फ्रेंचमध्ये विचारलं की ती आधी क्रियापदांचा तक्ता आठवते, मग छताकडे बघते. दोष तिचा नाही. लेखी पेपरात तोंड उघडायची वेळच येत नाही. ती वेळ आणायची, तर कॉलेजातला फ्रेंच क्लब हवा. आठवड्यातून एक तास, हजेरी नाही, मार्क नाहीत, आणि बोलणाऱ्याला मध्येच थांबवून व्याकरण शिकवायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड, विशेषतः पुण्यात!

सुरुवातीला तांबोला खेळा. नंबर पुकारायचे फ्रेंचमध्ये. साठपर्यंत सगळं सुरळीत. मग सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. पुकारणाऱ्यानं ‘कात्र’ म्हटलं की अर्धी मुलं चारावर फुली मारून मोकळी. ‘व्हँ’ ऐकून ऐंशी शोधतात, आणि ‘दीस’ कानावर पडेपर्यंत पुढचा नंबर निघालेला असतो. गावाकडच्या ज्या आजीनं आंबे ‘चार विसा’ असे मोजलेत, तिला यात काही नवल वाटणार नाही. पुढचा डाव बेल्जियन पद्धतीनं खेळा. तिथे नव्वदला सरळ ‘नोनांत’ म्हणतात, स्वित्झर्लंडमध्येही तेच.

फ्रेंच म्हणजे पॅरिस, ही समजूत इथेच सैल होऊ लागते. दरवर्षी 20 मार्चला फ्रँकोफोनी दिवस, म्हणजे फ्रेंच भाषकांचा दिवस, येतो आणि बहुतेक ठिकाणी पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर उभा राहतो. वास्तविक 1970 साली त्या तारखेला फ्रेंच भाषक देशांच्या संघटनेचा पाया घातला गेला तो नायजरच्या राजधानीत, नियामे इथे. त्यासाठी झटलेल्यांत सेनेगलचे कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघोर होते. आणि 2025च्या मार्चमध्ये त्याच नायजरनं, बुर्किना फासो आणि मालीसोबत, या संघटनेतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. सत्ता गाजवणाऱ्यांची भाषा आपली मानायची की नाही, यावर आपल्या मुलांकडे बोलण्यासारखं भरपूर आहे. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये वाद घालू द्या. क्रुआसाँ खाऊन झाल्यावर घातला तरी चालेल.

नात्यानं आपल्याला सगळ्यात जवळचा फ्रेंच भाषक देश मात्र मोरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत. घरात बहुतेक क्रिओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली, वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी. रस्त्यावर डाळपुरी मिळते. तिथल्या एखाद्या कॉलेजशी व्हिडिओ कॉल जुळवा. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, त्यामुळे कुणाला पहाटे उठावं लागत नाही. पहिल्या कॉलला विषय गणपतीचाच ठेवा. आरास कशी केली, मोदकाचं सारण कशाचं, विसर्जन नदीत की समुद्रात, हे सांगायला लागणारे शब्द पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत. समोरच्या मुलांनाच विचारावे लागतील, तेही फ्रेंचमध्ये.

नमस्कार.