पिठलं-भाकरीनं पाडलेला राजगड

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'पत्त्यांच्या खेळातला समतोल : गणित आणि व्यवहार'. गणितावर मी येणार आहे. पण मिळालेल्या पन्नास मिनिटांतली आठ माइकवाल्यानं 'हॅलो, हॅलो' करण्यात घालवली, तेव्हा गणित बसेल तेवढं बसेल.

इथल्या निम्म्या लोकांनी आमचे किल्ल्यांचे पत्ते खेळलेत, म्हणून थोडक्यात सांगते. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं 'मॅजिक : द गॅदरिंग' काढला. पानं पाकिटांतून घ्यायची, साठवायची, आणि त्यांतून आपला कॅट आपणच बांधायचा. आम्ही पाच-सहाजण त्याचे भक्त. सांगाडा त्याचा उचलला, राक्षस आणि चेटके काढून टाकले, सह्याद्री घातला. विकत नाही, म्हणून वकिलाची नोटीस अजून यायची आहे. दर पाळीला एक रसद वाढते, रसद खर्चून गडी आणि किल्ले मांडायचे. दोघांकडेही एकेक राजगड असतो. इतिहासाला ते मान्य नाही, खेळाला चालतं. राजगडाचे वीस चिरे. ते ढासळले की डाव संपला.

आता, समतोल, म्हणजे एकच पान सगळा डाव खाऊन टाकणार नाही हे बघणं, म्हटलं की लोकांना वाटतं हे काहीतरी परदेशी, संगणकवाल्यांचं प्रकरण आहे. अहो, आपण मेंढीकोट खेळत वाढलो! त्यात किंमत कुणाला? दश्शीला, तीच मेंढी. आणि दश्शी काही सगळ्यांत वरचं पान नव्हे. तिच्या डोक्यावर गुलाम, राणी, राजा, एक्का असे चारजण बसलेत. जे पान जिंकायला हवं तेच सहज मारलं जातं, म्हणून तर तिला कधी बाहेर काढायचं याचा घाम फुटतो. एक्का जर मेंढी असता तर? उतारी केली, उचलला, संपलं. जेवायला चला.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२, एकूण १२०. राजा आणि प्रधान वर, ते ठीक. पण खालच्या दहा पानांत पाच रंगांमध्ये दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांमध्ये एक्की मोठी! म्हणजे पानावरचा आकडा बघून हुरळून जायची सोय नाही. शिवाय उतारी दिवसा रामाची, रात्री कृष्णाची. ज्यानं हे ठरवलं त्याला नमस्कार. तो आमच्या गटात असता तर आमची दोन वर्षं वाचली असती.

ती दोन वर्षं कशात गेली? भांडणात. पुण्यात किल्ल्यांचे पत्ते करायचे म्हणजे काय असतं, ते करून बघा. तोरण्याची किंमत आम्ही पाच रसद ठेवली, तर एक गृहस्थ खेळ थांबवून उभे राहिले. म्हणाले, "पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला तोरणा. राजगड त्याच्यापेक्षा भारी कसा?" मी म्हटलं, काका, उंचीवर किंमत लावली तर खेळायला नकाशा पुरेल, पत्ते कशाला? त्यांना पटलं नाही. तोरण्याला दोन चिरे वाढवले तेव्हा बसले. मग पुरंदरवाले उठले.

पुरंदराचं मात्र छान जमलं. १६६५ साली दिलेरखानानं आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरावर तोफा डागल्या. आमचं पुरंदर स्वस्त आहे, भक्कम आहे, पण शेजारी वज्रगड मांडलेला असेपर्यंतच. वज्रगड गेला की पुरंदराचे निम्मे चिरे गेले. ज्याच्या हाती पुरंदर, त्याला माहीत असतं कुठे मार बसणार, आणि समोरच्यालाही माहीत असतं कुठे मारायचं. माझं आज जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे. जबर पान असायला हरकत नाही. समोरच्याला त्यावर हात टाकायला जागा हवी. आता जागा न ठेवल्यानं काय झालं ते ऐका.

आम्ही गडांवर भांडत असताना एक पान कुणाच्याच नजरेत आलं नाही, कारण ते आम्ही गंमत म्हणून केलं होतं. 'पिठलं-भाकरी'. किंमत एक रसद. हल्ला करून दमलेला एक गडी पुन्हा उभा करा आणि एक पान ओढा. त्याच्या जोडीला 'मडक्यातलं दही'. फुकट. या पाळीत जितक्या पिठलं-भाकऱ्या झाल्या तितकी रसद मिळवा. सिंहगडावर बसून खाल्लेलं आठवलं, लिहिलं, खूप हसलो. चित्रात मडकं फार सुरेख आलंय.

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा आला. इयत्ता नववी. म्हणाला, "मावशी, एक डाव?" मी सांख्यिकी शिकवते, खेळ मी बांधलेला, म्हटलं पोराला जरा जपून हरवू. पहिल्या पाळीला त्यानं एक मावळा मांडला. दुसऱ्या पाळीला काहीच नाही. मी मनात म्हटलं, बिचारा. तिसऱ्या पाळीला मावळ्यानं माझ्या राजगडाचे दोन चिरे पाडले. मग पिठलं-भाकरी. मावळा उभा, आणखी दोन चिरे. पुन्हा पिठलं. पुन्हा. रसद संपली तर दही : तीन रसद परत. पुन्हा तीन पिठली, पुन्हा दही : या खेपेला सहा. एकाच मावळ्यानं एकाच पाळीत दहा हल्ले केले, नऊ जेवणांवर. माझ्या हातात तोरणा तसाच. पाच रसदीचा.

त्याचा कॅट उलटून बघितला. चाळीस पानांत चोवीस पिठलं-भाकऱ्या, आठ दही, आठ मावळे. "एवढी आणलीस कुठून?" "तुम्हीच पीडीएफ टाकली होतीत ना? ए-फोरवर नऊ बसतात." त्याची आई मागून म्हणाली, तरी म्हटलं प्रिंटरची शाई कुठे जाते.

यात लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे हा धडा जुना आहे. 'मॅजिक'मध्येही सुरुवातीला एकच पान कितीही घालायची मुभा होती. एका पानाच्या चार प्रतींची मर्यादा नंतर आली. दुर्मिळ पानं थोड्यांकडेच असतील हा हिशेब लोकांनी खोक्यानं पाकिटं घेऊन मोडीत काढला. आमच्याकडे तर घरी प्रिंटर. दुर्मिळपणा हा समतोल नव्हे, ती फक्त खिशाची परीक्षा. (जाता जाता : आमच्या दुसऱ्या खेपेच्या छपाईत पाठीचा भगवा एक छटा फिका आला. पोरं पाठ बघून पुढचं पान ओळखायची. तेव्हापासून पाठीमागून अपारदर्शक असलेली कव्हरं सक्तीची.)

दुरुस्ती म्हणून आम्ही पिठल्याची किंमत दोन केली. कुणी शिवेना. पुन्हा एक केली, प्रती चारच ठेवल्या, तरी खुपत राहिलं. शेवटी पानावर एक ओळ वाढवली : 'सिंहगड तुमच्या ताब्यात असेल तरच.' आणि दही पाळीत एकदाच. झालं! आता पिठलं हवं तर सिंहगड मांडा, आणि समोरचा तुमचा सिंहगड घ्यायला धावतो. पान तेवढंच जबर आहे, पण त्याला उत्तर आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, गणित.

पहिलं, किंमत. 'मॅजिक'च्या पहिल्याच संचात पाच पानं होती, प्रत्येकाची किंमत एक, प्रत्येक देतं काहीतरी तीन : तीन घाव, तीन जीव, प्राण्याला, म्हणजे त्यांच्या गड्याला, तीन-तीन बळ, तीन मॅना म्हणजे त्यांची रसद, किंवा तीन नवी पानं. कागदावर पाचही सारखी. प्रत्यक्षात तीन जीव देणारं पान कुणी विचारत नाही आणि तीन पानं देणारं इतकं भारी ठरलं की जवळपास सगळीकडे बंदी. तीन म्हणजे तीन नव्हे. पान ओढणं सगळ्यांत महाग धरा.

दुसरं, अडचण म्हणून लावलेली अट नीट तपासा. २००४ च्या फेब्रुवारीत 'मॅजिक'चं 'स्कलक्लॅम्प' हे पान आलं. प्राण्याला चढवायचं, प्राणी मेला की दोन पानं. बनवताना शेवटी शेवटी तग धरण्याचं बळ एक वाढवण्याऐवजी एकानं कमी केलं, म्हणजे पान सौम्य होईल. झालं उलटं : एक मॅना टाकून आपलाच किरकोळ प्राणी मारायचा नि दोन पानं घ्यायची. जूनमध्ये बंदी.

तिसरं, कॅटचा आकार. चार प्रती, सुरुवातीला हातात सात पानं. चाळीसच्या कॅटमध्ये त्या चारांतलं एक तरी हाती येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के, साठच्या कॅटमध्ये सुमारे ४०. आम्ही चाळीसवर राहिलो कारण पोरांना पिसायला साठ जमत नाहीत. त्यामुळे आमची जबर पानं थोडी महाग आहेत.

चौथं, चाचणी. "शंभर डावांत ५५ जिंकले, कॅट भारी आहे" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नाणं शंभरदा उडवलं तरी ५५ छापे सहज पडतात. हजारात ५५० आले तर माझ्याकडे या. हजार डाव कुणी खेळायचे? नववीतला मुलगा शोधा, सुट्टीत.

पाचवं राहिलं, आधी खेळणाऱ्याचा फायदा... नको, ते हात वर करून बसलेत आणि तोरण्याचेच दिसतायत. कॅट बाहेर टेबलावर आहेत, मोफत खेळा. दह्याची चार पानं तेवढी मोजून परत ठेवा, गेल्या वेळी एक कमी भरलं होतं.