पिसारोचा वसंत आणि कोबीचे वाफे

(चित्र पूर्ण पडद्यावर, थोडा वेळ तसंच)

हे चित्र आधी शांतपणे बघून घ्या. वर निळं आभाळ आणि ढग, मागे टेकडी, टेकडीला टेकून घरं, त्यांची निळसर-तांबडी छपरं, आणि मधोमध पांढऱ्या बहराने नुसती लगडलेली फळझाडं, इतकी की मागची घरं अर्धीमुर्धीच दिसतायत. ओळखीचा वसंत आहे, कॅलेंडरवर शोभेल असा. पण आता नजर खाली आणा. झाडांच्या पुढे काय आहे, तर भाजीचा मळा. हिरवे वाफे, नांगरलेली माती, पायवाट. कोणी बाई छत्री घेऊन उभी नाहीये, पिकनिक नाही, काही नाही. चित्राचं नावच आहे 'भाजीचा मळा आणि बहरलेली झाडं, वसंत, पाँत्वाझ'. साल १८७७, चित्रकार कामी पिसारो.

इम्प्रेशनिस्ट, म्हणजे घटकेचा उजेड रंगांत पकडू बघणारे एकोणिसाव्या शतकातले फ्रान्समधले चित्रकार, म्हटलं की आपल्याला मोने आठवतो, त्याची कमळं आठवतात, फार तर रन्वार. पिसारो सहसा यादीत चौथा-पाचवा येतो, आणि मला हे कायम खटकतं, कारण या लोकांनी १८७४ ते १८८६ मध्ये जी आठ प्रदर्शनं भरवली त्या आठच्या आठ प्रदर्शनांत चित्रं लावणारा एकच माणूस होता, आणि तो पिसारो. मोने मधूनच गळला, रन्वार गळला, सेझान तर दोनच वेळा आला.

आणि पहिल्याच प्रदर्शनाच्या वेळी, म्हणजे १८७४ मध्ये, कास्तान्यारी नावाच्या समीक्षकाने पिसारोबद्दल काय लिहिलं माहितीये का? माणूस दमदार आहे वगैरे कौतुक केलं आणि मग म्हणाला, की याला भाजीच्या मळ्यांचा फारच वाईट नाद आहे, कोबी काय आणि घरगुती भाज्या काय, काहीही रंगवायला हा मागेपुढे बघत नाही. म्हणजे टीका कशावर, तर कोबीवर! तेव्हाच्या पॅरिसमध्ये निसर्गचित्र म्हणजे जुने अवशेष, रम्य तळी, गेला बाजार एखादं गंभीर जंगल. भाजी ही बाजारात घ्यायची वस्तू, ती चौकटीत घालून दिवाणखान्यात कोण लावणार?

पिसारोने तीन वर्षांनी परत भाजीचा मळाच काढला. माणूस ऐकणाऱ्यातला नव्हताच.

पाँत्वाझ हे गाव पॅरिसच्या वायव्येला साधारण तीस किलोमीटरवर, वाझ नदीच्या काठी. पॅरिसला भाजी पुरवणारा हा पट्टा, इथल्या कोबीची स्वतःची एक जुनी जात आहे, 'पाँत्वाझचा कोबी' म्हणूनच ती ओळखली जाते. त्यामुळे इथे एप्रिलमध्ये घराच्या मागच्या दारी उभं राहिलं की जे दिसतं तेच चित्रात आहे, वर बहर आणि खाली माळवं. पिसारोची बायको ज्युली बर्गंडीतल्या द्राक्षमळेवाल्याची मुलगी, ती आधी त्याच्या आईकडे घरकामाला होती, आणि या लग्नाला घरून कडक विरोध होता. पुढे हीच बाई भाजी पिकवून, कोंबड्या नि ससे पाळून एवढ्या मोठ्या पोरवड्याला जगवत राहिली. आठ मुलं झाली त्यांना. तेव्हा कोबी हा या माणसासाठी चित्राचा विषय नंतर, आधी जेवणाचा प्रश्न.

(कॅमेरा चित्राच्या मधल्या भागावर, अगदी जवळ)

आता जरा जवळ जाऊया. हा पांढरा बघा. एक-एक फूल काढलेलं नाहीये, जवळून तर फूल दिसतच नाही, नुसते जाड ठिपके, भिंतीला चुना थापावा तसे एकावर एक बसवलेले. आणि पांढरा तरी कुठे निव्वळ पांढरा आहे, त्यात पिवळसर आहे, गुलाबी झाक आहे, सावलीकडे निळसर आहे. फांद्या आधी काढून त्यांच्यावर फुलं चिकटवलीयत असं पण नाही, रंग ओला असतानाच फांदी, फूल, मागचं छप्पर एकमेकांत शिरलंय. हे असं का, तर वेळच नसतो. फळझाडांचा बहर टिकतो जेमतेम आठ-दहा दिवस, मध्येच एक सर आली, जोराचा वारा सुटला की खेळ खल्लास, खाली पाकळ्यांचा सडा आणि वर हिरवी पालवी. स्टुडिओत बसून महिनोन्महिने घोटायचा विषयच नाही हा. तेव्हा रंग पत्र्याच्या ट्यूबमध्ये मिळायला लागून तीस-पस्तीस वर्षं झाली होती, म्हणून तर पेटी उचलून मळ्यात जाऊन उभं राहता येत होतं. उतारवयात पिसारो एका तरुण चित्रकाराला सांगायचा, की तुकड्या-तुकड्याने रंगवू नकोस, आभाळ, पाणी, फांद्या, जमीन सगळं एकदमच धर आणि पहिल्या झटक्यात कॅनव्हास भरून टाक, घाबरू नकोस. या चित्रात ते दिसतं. वाफ्याचा हिरवा वर झाडांतून डोकावतो, आणि आभाळाचा निळा खाली छपरांवर उतरतो.

हे सगळं करणारा माणूस मुळात फ्रान्सचा नव्हेच. जन्म १८३० चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर, तेव्हा ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं. ज्यू व्यापारी घर, बापाचं दुकान. पोरगा दुकानात बसायचा कंटाळा करायचा आणि बंदरावर स्केचेस काढायचा, शेवटी एका डॅनिश चित्रकार मित्राबरोबर थेट व्हेनेझुएलाला गेला, आणि १८५५ मध्ये पॅरिसला आला तो कायमचाच. पिसारो जिथे जन्मला तिथे वसंत ऋतू असा नसतोच, बारा महिने ऊन. कदाचित म्हणून फ्रान्सच्या एप्रिलकडे तो असा टक लावून बघत असेल, हा आपला माझा अंदाज.

१८७० मध्ये प्रशियाने, म्हणजे तेव्हाच्या बलाढ्य जर्मन राज्याने, फ्रान्सवर स्वारी केली तेव्हा पिसारो लूव्हसिएन नावाच्या गावात राहत होता, बायको-मुलांना घेऊन लंडनला पळाला. इकडे प्रशियन सैनिक त्याच्या घरात घुसले. परत येऊन बघतो तर वीस वर्षांचं काम, दीडेक हजार चित्रं होती असं सांगतात, त्यातली जेमतेम चाळीस शिल्लक. चिखलात बूट भरू नयेत म्हणून सैनिकांनी कॅनव्हास बागेत पायाखाली अंथरले होते! आणि पुढच्याच वसंतात, १८७२ मध्ये, त्याने तिथेच लूव्हसिएनला काय काढलं, तर बहरलेली बाग, आणि त्यात सुद्धा मातीत राबणारी माणसं. ते चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

परत १८७७ वर येतो. मळ्यात पिसारो एकटा नव्हता, सेझान पण हाच देखावा रंगवत होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर मजा येते, पिसारोकडे बहर हवेत सळसळतोय, सेझानकडे फुलोरा कमी आणि बांधणी जास्त, गवंड्याचं काम. पिसारो नऊ वर्षांनी मोठा, बाहेर बसून रंगवायला सेझान त्याच्याचकडे शिकला, आणि पुढे स्वतःचं एवढं नाव झाल्यावरही १९०६ मध्ये एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये त्याने आपल्या नावापुढे छापून घेतलं, 'पिसारोचा शिष्य'.

पैशाच्या बाबतीत मात्र सगळी बोंब. पॅरिसमध्ये म्युरेर नावाचा एक मिठाईवाला होता, चित्रांचा शौकीन, त्याने पिसारोला मदत म्हणून चित्राची लॉटरी काढली. तिकीट लागलं एका कामवाल्या पोरीला. असं सांगतात की ती म्हणाली, चित्र राहू द्या, त्याऐवजी केक दिला तर चालेल का?

मग हा मळा वाचला कसा? कायबोतमुळे. हा स्वतः चित्रकार, घरचा गडगंज, मित्रांची न खपलेली चित्रं तोच विकत घ्यायचा. १८९४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, आणि मृत्युपत्रात सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला, अट अशी की माळ्यावर टाकायचा नाही. फुकट मिळतंय तरी सरकारने नाकं मुरडली, नामवंत प्राध्यापक मंडळींनी आरडाओरडा केला, आणि पिसारोच्या अठरा चित्रांमधली फक्त सात ठेवून घेतली. त्या सातांत हे होतं. आज ते पॅरिसच्या ओर्से म्युझियमचं आहे.

(दुसरं चित्र: पॅरिसचा रस्ता, झाडांच्या रांगा, घोडागाड्या)

आणि हा आजच्या गप्पांतला शेवटचा वसंत. उतारवयात पिसारोच्या उजव्या डोळ्याला अश्रूनलिकेचा विकार जडला, वारा-धूळ लागली की डोळा सुजायचा, बाहेर उभं राहणं बंद. म्हणून १८९७ मध्ये त्याने पॅरिसला हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून मोंमार्त्र बुलवार्ड या रुंद रस्त्याची चौदा चित्रं काढली, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. त्यातलं हे वसंतातल्या सकाळचं. हे पुढे माक्स झिल्बरबर्ग या ज्यू उद्योजकाकडे गेलं, १९३५ मध्ये नाझी राजवटीत त्याला ते विकायला भाग पाडलं, तो माणूस ज्यू संहारात मारला गेला. चित्र त्याच्या वारसांना परत मिळालं २००० साली, आणि २०१४ मध्ये लंडनच्या लिलावात त्याला मिळाले जवळजवळ १ कोटी ९७ लाख पाउंड, तेव्हाच्या हिशोबाने दोनशे कोटी रुपयांच्या आसपास.

चित्र देखणं आहे, प्रश्नच नाही. पण सगळं वरून बघितलेलं, माणसं म्हणजे ब्रशचे दोन-दोन फटके. मला विचाराल तर कास्तान्यारी ज्याला नाद म्हणाला तोच पिसारो जास्त खरा, आणि ओर्सेला कधी गेलात तर त्या पांढऱ्या बहरापाशी फार रेंगाळू नका, वाफ्यांतला हिरवा किती प्रकारचा आहे ते मोजायला लागा, तिथे त्याने जास्त जीव लावलाय.