नाभीजवळची गाठ

(दृश्य : सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीतील स्वयंपाकघर. सकाळचे साडेसात.)

ओट्यावर पोह्यांची कढई उतरवून ठेवली आहे आणि टेबलावर इन्सुलिनचे पेन आहे. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सदरा वर करतात आणि नाभीच्या उजवीकडे, दोन बोटे सोडून, सुई टोचतात. अनेक वर्षे ते नेमके याच जागी टोचत आले आहेत, कारण तेथे दुखत नाही. त्या जागेवरून बोटे फिरवली की कातडीखाली सुपारीएवढी, रबरासारखी गाठ हाताला लागते. तिच्यात पू नाही, आणि तो कर्करोगही नव्हे. ती चरबीची गाठ आहे. रोज टोचलेले इन्सुलिन रक्तात मिसळण्याआधी ज्या मेदपेशींना भेटत राहिले, त्या पेशी फुगत गेल्या. इन्सुलिन चरबी घडवते, हे पाठ्यपुस्तकातले विधान येथे बोटाने दाबून पाहता येते.

याच्या नेमके उलट चित्र शंभर वर्षांपूर्वी दिसत असे. ज्या मुलांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयारच होत नाही, ती मुले पोटभर जेवूनही वाळत जात. १९२२च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हा तो हाडांचा सापळा उरला होता. शरीरात अन्न होते आणि रक्तात साखर वाहत होती, परंतु ती साठवून ठेवण्याचा हुकूम पेशींना देणारे कोणी नव्हते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टी.)

मेदपेशी पाहणाऱ्याची पहिल्यांदा निराशाच होते. काचपट्टी तयार करताना वापरलेल्या अल्कोहोलमध्ये आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, त्यामुळे दिसतात त्या केवळ रिकाम्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीच्या कडेला दाबला गेलेला चपटा केंद्रक, अंगठीच्या खड्यासारखा. म्हणून संशोधक दुसरी वाट धरतात. पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था देशभरातील प्रयोगशाळांना जिवंत पेशींचे वाण पुरवते. मेदपेशींच्या अभ्यासासाठी जगभर वापरला जाणारा वाण उंदराच्या भ्रूणापासून १९७०च्या दशकात तयार झाला. बशीत वाढणाऱ्या या पेशी आरंभी लांबट आणि पारदर्शक असतात. त्यांना इन्सुलिन, कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकासारखे (हार्मोनसारखे) काम करणारे डेक्सामेथासोन आणि आणखी एक रसायन दिले, की आठ-दहा दिवसांत त्यांच्या पोटात तेलाचे थेंब जमू लागतात. लाल रंग टाकल्यावर हे थेंब डाळिंबाच्या दाण्यांसारखे उठून दिसतात. संप्रेरकांवाचून त्याच बशीत, त्याच साखरपाण्यात, थेंब फारसे जमत नाहीत.

या थेंबांपर्यंतचा रस्ता आता जवळून पाहू. इन्सुलिन मेदपेशीच्या आत शिरत नाही. ते पेशीपटलावरील आपल्या ग्राहीला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि निरोप आत एका प्रथिनाकडून दुसऱ्या प्रथिनाकडे जात राहतो. पहिला परिणाम काही मिनिटांतच दिसतो : एरवी पेशीच्या आत पडून राहिलेली ग्लुकोजवाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि साखरेला दार उघडते. आत आलेली साखर तुटत तुटत तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) पोहोचते, तेथून सायट्रेटच्या रूपाने पेशीद्रवात परतते, आणि तिच्यापासून दोन कार्बनांचा एक तुकडा, ॲसिटिल-कोए, तयार होतो. या तुकड्याचे पुढे काय करायचे, हे ठरवणारे विकर (एन्झाइम) म्हणजे ॲसिटिल-कोए कार्बोक्सिलेज. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या साहाय्याने ते दोन कार्बनांच्या तुकड्याला तिसरा कार्बन जोडून मॅलोनिल-कोए बनवते. मग फॅटी ॲसिड सिंथेज हे दुसरे विकर सात फेऱ्यांत, दर फेरीला दोन कार्बन वाढवत, सोळा कार्बनांची साखळी पूर्ण करते. ती साखळी म्हणजे पामिटिक आम्ल, एक मेदाम्ल (फॅटी ॲसिड).

या सर्व मालिकेत कार्बोक्सिलेजवर जितके पहारे आहेत, तितके इतर कोणत्याही टप्प्यावर नाहीत, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. सायट्रेट साठले, म्हणजे कच्चा माल मुबलक आहे असे ठरले, की या विकराचे रेणू एकमेकांना जोडून लांब तंतू बनवतात आणि कामाला लागतात. तयार मेदाम्ल साठले की तंतू सुटतात. शिवाय या विकराच्या अंगावर फॉस्फेटचा एक छोटा गट चढला की ते झोपी जाते, उतरला की जागे होते. इन्सुलिन हा गट उतरवण्याच्या बाजूने काम करते. फॉस्फेट चढवून आणि उतरवून विकरे चालू-बंद करण्याची ही रीत शोधल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२चे नोबेल पारितोषिक मिळाले.

(दृश्य : ताटात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार.)

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्याविषयी बराच गैरसमज आहे. उंदराच्या मेदपेशी साखरेपासून भरपूर चरबी बनवतात. माणसाच्या मेदपेशीत मात्र रोजच्या आहारात हे प्रमाण थोडे असते. आपल्या अंगावरची चरबी मुख्यतः खाल्लेल्या तेला-तुपातून, आणि काही अंशी यकृताने बनवून पाठवलेल्या मेदातून येते. मग साखरेचा संबंध संपला का? नाही. रक्तातील मेद पेशीत घेण्यासाठी केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर लागते, आणि मेदातील त्याचे काम जेवणानंतर इन्सुलिन वाढवते. स्नायूंत मात्र ते वाढत नाही. म्हणजे जेवल्यावर तूप स्नायूंकडे न जाता मेदाकडे वळते. पुढे, आत आलेली तीन मेदाम्ले ज्या ग्लिसरॉलच्या कण्याला जोडायची, तो कणा मेदपेशी सुट्या ग्लिसरॉलपासून जवळजवळ बनवू शकत नाही. तो तिला मुख्यतः ग्लुकोजपासून घडवावा लागतो. ताटातील पुरणपोळीचे पहा : तुपाने मेदाम्ले आणली, गुळाने आणि पोळीने कणा आणला, आणि दोहोंना आत घेणारे इन्सुलिनही त्याच गोडाने स्वादुपिंडातून बाहेर काढले.

(दृश्य : पर्वतीच्या पायऱ्या, पहाट.)

रात्र उलटते. इन्सुलिन उतरते. पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या चढणाऱ्या माणसाच्या अंगात आता ॲड्रेनॅलिन आणि त्याचे भावंड नॉरॲड्रेनॅलिन काम करत असतात. ही संप्रेरकेही पेशीच्या बाहेरच थांबतात आणि आत सायक्लिक एएमपी हा दूत धाडतात. तो शोधणारे अर्ल सदरलँड यांना १९७१चे नोबेल मिळाले. दूत ज्या विकराला जागे करतो, ते इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवत सुटते. थेंबाभोवती पहारा देणाऱ्या पेरिलिपिनवर फॉस्फेट चढले की थेंबाचे दार उघडते. चरबी फोडणाऱ्या लायपेजवर चढले की ते जागे होते. आणि चरबी बनवणाऱ्या कार्बोक्सिलेजवर चढले की ते झोपते. एकच खूण, आणि ती एका विकराला उठवते तर दुसऱ्याला निजवते, म्हणून पेशीत घडवणे आणि मोडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी जोरात चालून ऊर्जा वाया जात नाही. इन्सुलिन परत आले की ते सायक्लिक एएमपी मोडून टाकणाऱ्या विकराला चालना देते आणि हा सारा खेळ थांबवते. उपवासाच्या संदर्भात रक्तातील साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉन या संप्रेरकाचे नाव नेहमी घेतले जाते, परंतु माणसाच्या मेदपेशीवर त्याचा जोर थोडा आहे. एकादशीच्या रात्री चरबी सुटते ती मुख्यतः इन्सुलिन कमी झाल्यामुळे.

हे झाले मिनिटांचे नियमन. दिवसांचे नियमन केंद्रकात चालते, जेथे साखर आणि इन्सुलिन यांच्या इशाऱ्यावर काही प्रथिने जनुकांना चिकटून कार्बोक्सिलेज आणि सिंथेज यांच्या अधिक प्रती बनवून घेतात. कॉर्टिसोल दीर्घकाळ वाढलेले राहिले की पोट सुटते आणि हातपाय बारीक होतात. वाढीचे संप्रेरक उलट बाजूने, चरबी घडवण्याला आवर घालते.

(दृश्य : रास्ता पेठ, केईएम रुग्णालयाचे प्रवेशद्वार.)

पुण्याने या विषयात जगाला जे दिले, ते येथून. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवतींची आणि त्यांच्या बाळांची पाहणी सुरू केली. ही बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंत आणि पोटात बारीक होती, परंतु पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, चरबीची घडी मात्र बरीचशी राखलेली होती. पुढील अभ्यासात पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनही अधिक आढळले. म्हणजे मेदपेशींना साठवण्याचा निरोप जन्माआधीच पोहोचू लागलेला असतो, आणि तोही आईच्या अंगावर फारसे मांस नसताना. २००४मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन यांचे शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. या मापाने सारखे भरणारे दोन देह आतून इतके निराळे असू शकतात. ‘बारीक आहे, त्याला कसला मधुमेह’ हे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, आणि मला ते ऐकताना हे छायाचित्र आठवते.

(दृश्य : पुन्हा तेच स्वयंपाकघर.)

डॉक्टरांनी गृहस्थांना सांगितले आहे की गाठीत टोचलेले इन्सुलिन कधी लवकर, कधी उशिरा रक्तात उतरते, त्यामुळे साखरही वर-खाली होते. आता ते रोज जागा बदलतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने खूण करतात : डावी मांडी, उजवी मांडी, पोटाची डावी बाजू. निरोगी जागेवरून औषध पुरते शोषले जाऊ लागल्यावर मात्राही थोडी कमी करावी लागली. जुन्या जागेतील पेशींना आता इतर पेशींइतकाच निरोप मिळतो. काही महिन्यांनी ते नाभीच्या उजवीकडे बोटे फिरवून पाहतात, तेव्हा गाठ थोडी शोधावी लागते.