बाळाच्या वाट्याचं पाणी आईला द्या

(सोलापूरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात महिलांसमोर एका बालरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर सुना कमी आणि सासवा जास्त दिसतायत, ते बरंच झालं. बाळाला पाणी पाजायचं की नाही, हे आपल्याकडे बाळाची आई ठरवतच नाही. ते ठरवते आजी, नाहीतर बाळंतपणाला आलेली मावशी, नाहीतर रोज अंघोळ घालायला येणारी बाई. तेव्हा आज माझं बोलणं आज्यांशी आहे. सुनांनी ऐकून ठेवावं, पुढे कामाला येईल.

तुमचा प्रश्न मला पाठ आहे. "काय ओ डॉक्टर, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आमच्या जिवाची काहिली, आणि लेकरू ओठ चाटलालंय तरी त्याला चमचाभर पाणी देऊ नका म्हणता?" प्रश्न बिनबुडाचा नाही. बाळाला तहान लागते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर लागतेच. पण पहिले सहा महिने ती भागवायची सोय आईच्या दुधातच आहे.

अंगावरच्या दुधात शेकडा 87-88 भाग पाणीच असतं. महिना उलटलेलं बाळ दिवसाला साधारण 750 मिलिलिटर दूध पितं. म्हणजे साडेसहाशे मिलिलिटर पाणी त्याच्या पोटात गेलंच की, तेही न उकळता, न गाळता. बाळ पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, नंतरचं दाट, साय असलेलं. उकाड्यात बाळं पाच-पाच मिनिटं पितात, सोडतात, थोड्या वेळाने पुन्हा मागतात. आज्यांना वाटतं पोट भरत नाही. खरं तर ते पातळ दूध पिऊन तहान भागवतंय. मागेल तेव्हा घ्या, दिवसातून दहा-बारा वेळा झालं तरी घ्या.

हे थंड देशातल्या गोऱ्या डॉक्टरांचं सांगणं आहे, असं एक आजोबा मला म्हणाले होते. त्यांना मी दिल्लीचं उदाहरण दिलं. डॉ. एच. पी. एस. सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भर उन्हाळ्यात अंगावर पिणाऱ्या बाळांचा अभ्यास केला, तो 1991 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही बाळांना वरून पाणी, काहींना नुसतं दूध. पाणी न दिलेल्या बाळांच्या अंगातलं पाणी कुठे कमी पडलं नाही. उलट पाणी पिणाऱ्यांचा दूध कमी पिण्याकडे कल दिसला. दिल्लीचा उन्हाळा आपल्याला हार जाणारा नाही, हे तर मान्य कराल?

मग आपल्या आज्या-पणज्या वेड्या होत्या का? मुळीच नाही. ज्या बाळाला आईचं दूध मिळायचं नाही, त्याला गाईचं नाहीतर म्हशीचं वरचं दूध द्यायचे. गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या तिप्पट, क्षारही जास्त. ते सगळं लघवीवाटे बाहेर टाकायला बाळाला जास्त पाणी लागतं, म्हणून वरच्या दुधात पाणी घालायचे, शिवाय मधेमधे पाजायचे. त्या बाळापुरतं ते बरोबर होतं. पण सवय घरात मुरली आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही तेच लागू झालं. आईच्या दुधात क्षार इतके कमी असतात की त्याला वरच्या पाण्याची गरजच पडत नाही.

आता जरा हिशेब करू. चार किलोचं बाळ. त्याला दुपारभरात मिळून 100 मिलिलिटर पाणी पाजलं. चहाचा कप भरेल एवढंच, आजीला वाटतं घोटभर. वजनाच्या मापाने तुमच्या-माझ्यासारख्या साठ किलोच्या माणसाला ते दीड लिटर झालं. आपली किडनी दीड लिटर निभावून नेते. नवजात बाळाची किडनी अजून कच्ची असते, जास्तीचं पाणी भराभर बाहेर टाकणं तिला जमत नाही. मग ते रक्तात साठतं आणि रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, पातळ होत जातो. फार खाली गेला तर मेंदूला सूज येते, बाळाला झटके येतात.

असं एक बाळ माझ्याकडे मे महिन्यात आलं होतं. जेमतेम सव्वा महिन्याचं. आई म्हणाली, सकाळपासून सुस्त आहे, दुधाला तोंड लावत नाही. हात लावला तर अंग गार. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळतंय आणि बाळाचं अंग गार! पापणी फडफडत होती, डावा हात ठराविक लयीत उडत होता. झटकाच तो, फक्त बाळाचा असल्यामुळे लहानसा, घरच्यांना कळलाच नव्हता. आजीच्या पिशवीत बाटली होती, ग्लुकोज घातलेलं पाणी, निम्मी संपलेली. "ऊन लागू नये म्हणून" चार दिवस सकाळ-संध्याकाळ चालू होतं. सोडियम खूप उतरलं होतं. ते हळूहळूच वर आणावं लागतं, घाई करून चालत नाही. बाळ वाचलं, आता बालवाडीत जातं. त्या आजीवर मी रागावलो नाही. तिने जे केलं ते मायेपोटीच. माया चुकीच्या बाटलीत भरली गेली, एवढंच.

दरवेळी इतकं टोकाचं होत नाही. चमचा-दोन चमचे पाण्याने झटके येत नाहीत, उगाच घाबरवणार नाही मी. पण चमच्यातून दुसरं काय जातं ते बघा. आपल्या गावात नळ रोज येतो का? दिवसांआड, कधी कधी चार-पाच दिवसांआड येतो. मग पिंप, टाकी, हौद, घागरी, मिळेल ते भरून ठेवायचं. त्या पिंपात तांब्या बुडतो, तांब्याबरोबर बोटं बुडतात, झाकण कधी असतं कधी नसतं. चौथ्या दिवशीचं ते पाणी आपल्याला पचतं. पंधरा दिवसांच्या बाळाला जुलाब व्हायला तेवढं पुरतं. आणि जुलाब झाले की अंगातलं पाणी जातं. तहान भागवायला दिलेलं पाणीच बाळाला कोरडं करतं.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. इथे निम्म्या घरांत यंत्रमाग नाहीतर विडीचं काम आहे, तर तुमच्याच भाषेत सांगतो. व्यापाऱ्याकडून चादरींची ऑर्डर कमी आली की मालक माग बंद ठेवतो. आईच्या छातीचं तसंच आहे. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध तयार होतं. पाण्याने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, दोन-चार दिवसांत दूध कमी व्हायला लागतं, मग घरात बोलणं सुरू होतं, "हिला दूधच नाही." मग दुधाच्या पावडरचा डबा येतो. बरं, 50 मिलिलिटर दुधात 33 उष्मांक असतात, तेवढ्याच पाण्यात शून्य. मग बाळाचं वजन भरणार कशानं?

विडी वळणाऱ्या बायकांची अडचण मला माहीत आहे. तयार विड्या कारखान्यावर द्यायला गेलं की तिथे रांग, माल मोजायला वेळ, छाटणीवरून वाद. बाळ घरी सासूकडे. रडलं की सासू काय करणार? तिच्या हाताशी पाणीच असतं. तर जाण्याआधी दूध पिळून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवून जा. फ्रिज असेल तर दिवसभर टिकतं. नसेल तर आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन तासांपलीकडे बाहेर ठेवू नका. सासूने ते वाटी-चमच्याने पाजावं. आणि तंबाखूचा हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात आलो ती. आपल्या घरात बाळाला पाणी पाजतात आणि बाळंतिणीचं पाणी तोडतात. "पाणी प्यायलं की पोट सुटतं", "बाळाला सर्दी होते", "दूध पातळ होतं". मी घरोघरी पाहिलंय: खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी, बाई घामाने निथळतेय आणि तिच्या उशाशी पितळेचा छोटा पेला, दिवसभराचं पाणी तेवढंच! शेजारी बाळ, अंगात झबलं, डोक्याला टोपडं, वरून कुंची, वर दुपटं. मग ते रडतं, लालबुंद होतं, अंग तापतं, आणि सगळ्यांचा निकाल एकच, तहान लागली. अहो, कुंची काढा! मे महिन्यात एक पातळ सुती झबलं बास. खिडकी उघडा, पंखा लावा, फक्त वारा थेट तोंडावर नको. निम्मी "तहान" तिथेच भागते.

पाजणाऱ्या बाईच्या अंगातून रोज पाऊण लिटर दूध जातं. ते कुठून येणार? तिला तहान लागेल तितकं पाणी, ताक, सूप, काय असेल ते मिळालंच पाहिजे. भांडंभर पाण्याने दूध दुप्पट होत नाही, तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण पाण्यावाचून तिला चक्कर येते, लघवीची जळजळ होते, बद्धकोष्ठ होतो, आणि थकलेली बाई बाळाला कमी वेळा घेते. म्हणून एक करा. बाळाला पाजायला बसली की तिच्या हातात आधी तांब्या द्या, मग बाळ द्या. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर चालू राहू द्या, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या छोट्या पेल्याला.

बाकीचे उपचार पटापट सांगतो. उचकी लागली तर पाणी नको, ती आपोआप थांबते, फार तर अंगावर घ्या. काविळीत पाणी पाजून कावीळ उतरत नाही. ते पिवळं बहुतेक शीवाटे जातं आणि शी होते दुधाने. मध चाटवू नका, वर्षाच्या आत मधातून एक गंभीर आजार होऊ शकतो, त्यात स्नायू लुळे पडतात. गुटीचं म्हणाल तर जायफळ, वेखंड यांपेक्षा मला भीती आहे ती सहाणेवर टाकलेल्या पाण्याची. ग्राइप वॉटर नको. डॉक्टरांनी दिलेले थेंब, व्हिटॅमिन डी, औषध हे मात्र चालतं.

ज्यांना काही कारणाने डब्याचं दूध द्यावं लागतं, त्यांनी वेगळं पाणी पाजायचं नाही. त्यातच पाणी आहे. पण प्रमाण डब्यावर लिहिलंय तसंच. डबा महाग आहे, म्हणून एका चमच्यात जास्त पाणी घालून पुरवतात. त्याने तेच होतं जे त्या ग्लुकोजच्या बाटलीने झालं. पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर मिसळा, मग कोमट करून पाजा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून गार पाण्यात कालवायची नाही.

बाळाला पुरतंय की नाही हे कळण्याची खूण लंगोटात असते. पाच-सहा दिवसांचं झाल्यावर चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट ओला, लघवी फिकट, आणि वजन वाढतंय, तर काळजी नको. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, तिच्याकडून वजन करून घ्या. सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, बाळ ओढत नाही, उठवूनही उठत नाही, तर चमचा शोधू नका, रिक्षा शोधा.

(यानंतर काही प्रश्न झाले.)

एका ताईंनी विचारलं, जुलाब झाले तरी पाणी नाही का? जुलाबात दूध बंद करायचं नाही, उलट वाढवायचं. ओआरएसला मात्र परवानगी आहे, तो अपवाद. त्यात मीठ-साखर मोजलेलं असतं. पाकीट 200 मिलिलिटरचं की एक लिटरचं ते वाचून तेवढ्याच पाण्यात सगळं एकदम कालवा. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, 14 दिवस. पण एवढ्या लहान बाळाला आधी डॉक्टरांना दाखवा.

मागून एक आजी म्हणाल्या, "सिद्धेश्वराचं तीर्थ बी नको काय?" आणि लगेच शेजारच्या चाचींनी जमजमचं विचारलं. दोघींनाही एकच उत्तर: कपाळाला लावा, प्यायचं ते आईने.

सहा महिने पूर्ण झाले की वरचा आहार सुरू होतो, तेव्हा जेवणाबरोबर दोन-चार घोट पाणी द्या. दिवसभरात अर्धा ते एक कप, एक वर्षापर्यंत बस्स. बाटली नको, तिचं बूच कधी नीट स्वच्छ निघत नाही. बोंडलं वापरायचं असेल तर वापरा, पण त्याची चोच आतून ब्रशने घासून रोज उकळा. नुसतं विसळून ठेवलेल्या चांदीच्या बोंडल्यात दुधाचा थर मी स्वतः पाहिलाय. त्यापेक्षा उघडी वाटी बरी. बाळाचं पाणी खळखळ उकळून वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवा, काढायला दांड्याचं ओगराळं, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी झाडाला घाला, मग नळ चार दिवसांनी येवो नाहीतर पाच.