ग्नुटेला: एका दिवसात मागे घेतलेला प्रोग्राम

(पडद्यावर: जाडजूड मॉनिटर, डायल-अप मोडेमची किरकिर)

१४ मार्च २०००. विनअ‍ॅम्प हा गाणी वाजवणारा लोकप्रिय प्रोग्राम नलसॉफ्टचा. त्याच नलसॉफ्टच्या जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी आपल्या वेबसाइटवर एक नवं, अजून कच्चंच असलेलं सॉफ्टवेअर ठेवलं. नाव ग्नुटेला. लोकांनी आपापल्या संगणकावरच्या फाइली एकमेकांना द्यायच्या, हे त्याचं काम.

नलसॉफ्टची मालकी होती एओएल या बड्या इंटरनेट कंपनीकडे. एओएलने जानेवारीतच टाइम वॉर्नर या माध्यम कंपनीशी विलीनीकरण जाहीर केलं होतं आणि टाइम वॉर्नरच्या पोटात होती वॉर्नर म्युझिक. लोकांना एकमेकांची गाणी उतरवू देणाऱ्या नॅपस्टरला मोठ्या संगीत कंपन्यांनी डिसेंबर १९९९ मध्येच कोर्टात खेचलं होतं. म्हणजे फिर्यादी आणि उद्याचा आरोपी लवकरच एका छपराखाली नांदणार होते!

एओएलने दुसऱ्याच दिवशी डाउनलोड बंद करायला लावलं. पण तेवढ्या वेळात हजारो लोकांनी प्रोग्राम उतरवून घेतला होता. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, कुणाच्या हाती लागला नव्हता, तरी बाहेरच्या प्रोग्रामरनी दोन संगणकांमधली देवाणघेवाण निरखून तिचे नियम उलगडले. थोड्याच काळात त्याच नियमांवर चालणारे दुसऱ्यांचे प्रोग्राम आले: बेअरशेअर, लाइमवायर.

मग नॅपस्टरहून यात वेगळं काय होतं? नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कुणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. कोर्टाने त्या सर्व्हरवर बोट ठेवलं आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर थांबलं. ग्नुटेलात तशी यादीच नव्हती. प्रत्येक संगणक मागणारा आणि तोच देणाराही. शिवाय फक्त एमपी३ नव्हे, कुठलीही फाइल चालायची.

(पडद्यावर: ठिपक्यांचं जाळं, एका ठिपक्यातून प्रश्न पसरतो)

हरवलेल्या म्हशीची चौकशी जशी वाडीवाडीतून पुढे जाते, तसा इथे शोध चाले. तुमचा संगणक शेजाऱ्यांना विचारणार, ते त्यांच्या शेजाऱ्यांना. चौकशी कायम फिरत राहू नये म्हणून तिच्यावर एक आकडा असे, बहुधा ७. दर टप्प्याला तो एकाने कमी होई. शून्य झाला की चौकशी बंद. उत्तर आलेल्या वाटेनेच परत येई आणि फाइल मात्र थेट तिच्या मालकाकडून उतरे.

हिशोब करून बघा. प्रत्येकाला ४ शेजारी धरले, तर सात टप्प्यांत एकच प्रश्न ४,००० हून जास्त संगणकांपर्यंत जातो. एका माणसाला एक गाणं हवं म्हणून! त्यात बरेच जण फोनच्या तारेवरच्या संथ डायल-अपवर. दुसऱ्यांचे प्रश्न पुढे ढकलण्यातच त्यांची लाइन भरून जायची, आणि गर्दी वाढली तसं जाळं अडखळू लागलं.

आणखी एक दुखणं माणसांचं होतं. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या अदार आणि ह्युबरमन यांनी २००० मध्ये पाहणी केली, तेव्हा जवळपास ७० टक्के लोक एकही फाइल देत नव्हते आणि निम्मी उत्तरं वरच्या १ टक्का संगणकांकडून येत होती. सगळे समान असलेलं जाळं प्रत्यक्षात मूठभरांच्या जिवावर चाललं होतं.

पुढे लाइमवायर आणि इतरांनी वेगवान संगणकांना ‘अल्ट्रापीअर’ केलं. शोधाची धावपळ त्यांनी करायची, बाकीचे त्यांना जोडलेले. म्हणजे उतरंड आलीच. पण माझ्या मते जाळं तगलं ते त्यामुळेच.

कोर्टाला मात्र दुसरीकडे दार सापडलं. जाळ्याला मालक नसला तरी लाइमवायर ही न्यूयॉर्कमधली कंपनी होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने तिला वितरण थांबवायला लावलं आणि २०११ मध्ये तिने संगीत कंपन्यांना १० कोटी ५० लाख डॉलर मोजून तडजोड केली. तोवर बरेच लोक फाइली वाटण्याच्या बिटटॉरेंट या दुसऱ्या पद्धतीकडे वळले होते. ग्नुटेलाच्या नियमांवर चालणारा जीटीके-ग्नुटेला हा प्रोग्राम मात्र त्यानंतरही स्वयंसेवक सुधारत राहिले.