"आऊच" म्हणणारं पोर नाटक करतंय का?

नमस्कार मंडळी! 'आई गं विरुद्ध आऊच' हे रील तुम्ही मला इतक्या वेळा पाठवलंय, की आज त्यावर बोलायलाच बसलेय. इंग्रजी शाळेतलं पोर, पायाला ठेच लागते, ते "आऊच" म्हणतं. आणि खाली प्रतिक्रिया काय? "खरंच लागलं असतं तर आई गं निघालं असतं." हे वाक्य मला फार खटकतं हो. पोर कळवळतंय आणि आपण त्याच्या शब्दाची परीक्षा घेतोय!

केवलप्रयोगी अव्यय म्हणजे मनातली भावना एकदम बाहेर काढणारा उद्गार, हे शाळेत झालंय सगळ्यांचं. अरेरे, अबब, शाब्बास. चला पुढे.

मुद्दा एकच आहे आणि तिथेच सगळे घसरतात. किंचाळी वेगळी, शब्द वेगळा. कुकरचं झाकण काढताना मनगटाला वाफ लागते तेव्हा नीट लक्ष द्या. आधी "स्स्स" किंवा नुसतं "आ". हात मागे आलेला असतो, आणि मग येतं "आई गं!" पहिला आवाज शरीराचा. दुसरा आपण घरात ऐकून ऐकून शिकलेला.

पटत नाही? मग "आई गं"च उलगडून बघा. आईला 'गं', बापाला 'रे'. किंचाळीला कुठलं आलंय स्त्रीलिंग-पुल्लिंग? शिवाय आपली वाटणीही ठरलेली आहे. करंगळी पलंगाच्या पायाला आपटली तर "आई गं", आणि रस्ता ओलांडताना बस अगदी जवळून गेली तर "बाप रे". करंगळी आपटल्यावर "बाप रे" म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. एवढी शिस्त ज्यात आहे ती भाषा आहे, नुसती किंचाळी नव्हे.

बाहेर बघा. जपानी माणूस कळवळून "इताई!" म्हणतो, म्हणजे चक्क 'दुखतंय' अशा अर्थाचं विशेषण. बंगाली "मा गो", तमिळ "अय्यो" नाहीतर "अम्मा", फ्रेंच "आय", जर्मन मुलं "आउआ". चटका तोच, शब्द ज्याच्या त्याच्या घरचा.

आता एका दादांची कमेंट. "ताई, फ्रेंच आय, स्पॅनिश आय, म्हणजे सगळं जग आईलाच हाक मारतं." दादा, भावना पोचली, पण तसं नाही. २०२४ साली १३१ भाषांमधले असे उद्गार तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेदनेच्या शब्दांत 'आ' आणि 'आय', 'आउ' यांसारखे स्वर पुन्हा पुन्हा सापडले. आनंदाच्या आणि किळसेच्या शब्दांत मात्र असा समान स्वर सापडला नाही. म्हणजे किंचाळीतला उघडा 'आ' शब्दात उतरलेला दिसतो. पुढचं ज्याने त्याने आपापलं घडवलं. आपण त्या जागी आई बसवली, बंगाल्यांनी मा, जपान्यांनी विशेषण. म्हणून पुन्हा सांगते, आवाज शरीराचा, शब्द शिकलेला.

आणि हे ऐकायला मुंबईसारखी जागा नाही. परवा दादर सोडल्यावर गाडीने सांधा बदलताना जो हिसका दिला, मासळीची एक जड पाटी घसरली आणि तिची कड एकामागून एक घोट्यांवर बसली. माझं "आई गं", शेजारच्या गुजराती काकूंचं "ओ मा रे", खिडकीतल्या बाईंचं "अय्यो", आणि कॉलेजच्या मुलीचं "आऊच". चौघी वाकून घोटा चोळत होतो. त्या मुलीचा घोटा कमी लाल होता असं कोण म्हणेल?

बरं, "आऊच" इंग्रजीत तरी कधीपासून आहे? शब्दकोश सांगतात, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आला, बहुधा जर्मनवरून. म्हणजे त्यांनीही तो शेजाऱ्याकडूनच उचलला. आपल्या पोरांनी बालवाडीतून उचलला, एवढाच फरक.

मला खरी चीड येते ती "गप्प! मुलगा ना तू?" याची. सिंगापूरमध्ये २०१५ च्या एका प्रयोगात ५६ जणांनी बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवला. गप्प बसले तेव्हापेक्षा "आव" म्हणू दिलं तेव्हा त्यांनी जास्त वेळ सहन केलं. स्वतःच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकवलं तर उपयोग झाला नाही. न बोलता नुसतं बटण दाबू दिल्यावर मात्र झाला. म्हणून संशोधकांना वाटतं, फायदा आवाज ऐकण्यात नसून स्नायूंच्या हालचालीत असावा. तेव्हा इंजेक्शनच्या वेळी पोराला ओरडू द्या ना! मराठीत ओरडू दे, इंग्रजीत ओरडू दे.

माझी मालवणी आजी "आई गो" म्हणते. वऱ्हाडात, खानदेशात, बेळगावकडे ठेच लागल्यावर तुमच्या घरात काय निघतं, ते अगदी तसंच्या तसं खाली लिहा. पुढच्या भागात मी ते सगळे उद्गार वाचून दाखवणार आहे.